मुखपृष्ठावरचा चित्रकार : दीनानाथ दलाल

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल आणि तीत जुने दिवाळी अंक असतील. यंदा साफसफाईच्या वेळी ती उघडलीत आणि एखाद्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात 'दलाल' अशी सही दिसली, तर तो अंक रद्दीत घालण्यापूर्वी जरा थांबा. आज मी त्या सहीविषयीच बोलणार आहे.

दीनानाथ दामोदर दलाल यांचा जन्म ३० मे १९१६ रोजी मडगावला झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९३७ साली घेतली आणि पुढे केनेडी ब्रिजजवळ स्वतःचा स्टुडिओ थाटला. वसई-विरारकडची माणसे चर्चगेटला निघाली की ग्रँट रोड सोडल्यावर त्यांची गाडी याच पुलाखालून जाते. पूल रोजचा, पण चित्रकाराची आठवण कितीजणांना होते?

दलालांचे मोठेपण कळायला थोडे मागे गेले पाहिजे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा पडली. वाचक वाढला. परंतु चित्रांची प्रदर्शने भरत ती शहरात. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या किंवा वाड्याच्या भातशेतीतल्या माणसाने चित्र पाहावे कुठे? त्याच्यापर्यंत चित्र पोहोचले ते छापील कागदावरून.

आणि छापील चित्र म्हणजे सोपे काम नव्हे. त्या काळी रंगीत चित्राचे पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे ठसे करीत, आणि एकच कागद पुनःपुन्हा छपाईखाली जाई. ठसा केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. छापखान्यातून निघाल्यावरही टिकेल असे चित्र काढायचे, तर रेषा ठाम हवी आणि रंग नेमके हवेत. दलालांपाशी दोन्ही होते. १९४५ साली त्यांनी स्वतःचे 'दीपावली' सुरू केले. तिथे चित्र हे कथेच्या कडेचे वेलबुट्टीकाम राहिले नाही. साहित्याच्या पंगतीत त्याला स्वतःचे पान मिळाले.

योगायोग पाहा. ज्या महिन्यात दलाल जन्मले, त्याच मे १९१६ मध्ये, २० तारखेला, अमेरिकेत बावीस वर्षांच्या नॉर्मन रॉकवेलचे चित्र 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर प्रथम झळकले. पुढे १९६३ पर्यंत त्याने त्या साप्ताहिकासाठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे केली. घराघरांत तो आवडता झाला, तरी 'हा तर नुसता सजावटकार' असे म्हणून जाणकारांनी त्याला दूर ठेवले. त्याच रॉकवेलने १९६४ साली, पहाऱ्यात शाळेला निघालेली एक लहानशी काळी मुलगी रंगवली आणि वर्णद्वेषाचा प्रश्न वाचकांच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवला. आज स्टॉकब्रिज या छोट्या गावी त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

आपल्याकडेही हाच शेरा ऐकू येतो : 'मासिकातले चित्र, त्यात कसली कला?' दलालांच्या नायिका फार देखण्या, त्यांच्या हाताला घट्टे दिसत नाहीत, असा आक्षेप कोणी घेतला तर मी तो ऐकून घेईन. पण ज्या घरात भिंतीवर टांगायला एक चित्र नव्हते, त्या घराला रंग आणि रेषा पाहायची सवय लावणारा माणूस लहान कसा म्हणावा?

१५ जानेवारी १९७१ रोजी दलाल गेले. त्यांची चित्रे मात्र आजही गावोगावच्या वाचनालयांत आणि आपल्या ट्रंकांत आहेत. तो कागद तांबूस होतो आहे, पिनांना गंज चढतो आहे, कसर लागते आहे. म्हणून शिक्षक बंधु-भगिनींना विनंती : एका शनिवारी मुलांना घरचे जुने अंक आणायला सांगा. पाने न फाडता ते बाकांवर उघडून मांडा, सह्या शोधू द्या, साल टिपून ठेवू द्या. आपले संग्रहालय असे एका वर्गातही सुरू होऊ शकते. त्याला तिकीट लागत नाही.