मराठी ब्रेल ते बोलता फोन : नाशिक आणि महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या साधनांचा इतिहास

लुई ब्रेल या फ्रेंच शिक्षकाने सहा उठावदार ठिपक्यांची आपली लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातल्या अंध मुलांच्या बोटांखाली ती येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात हे अंतर पुन्हा पुन्हा दिसते. साधन जगात कुठेतरी तयार होते, ते मराठीत चालू लागायला वर्षे जातात आणि तोवर एक पिढी शाळेबाहेर वाढते. हे अंतर कमी करण्यासाठी शिक्षकांनी, संस्थांनी आणि अनेक दिव्यांग व्यक्तींनी केलेली खटपट हाच या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

मराठी ब्रेलची घडण

भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये, दुष्काळाच्या काळात, अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादर स्कूल फॉर द ब्लाइंड म्हणून ओळखली गेली. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये अंधशाळा काढली. शाळा निघाल्या, पण लिपीचा प्रश्न सुटलेला नव्हता. भारतीय भाषांसाठी मिशनऱ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या परीने ब्रेल बसवले होते. एका प्रांतात शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतातले पुस्तक वाचता येत नसे. एकाच भाषेसाठीही वेगवेगळ्या पद्धती चालू असल्याने कोणत्याही एका पद्धतीत पुरेशी पुस्तके छापणे परवडत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डेहराडूनला केंद्र निघाले. त्याची सूत्रे सर क्लुथा मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या अंध गृहस्थांकडे होती. पुढे युनेस्कोने जगभरच्या ब्रेल पद्धतींमध्ये मेळ घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मॅकेन्झी त्या कामाचे सल्लागार झाले. १९५१ मध्ये भारताने सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलचे तत्त्व उच्चारावर आधारलेले आहे. मराठी, गुजराती किंवा तमिळ, कोणत्याही भाषेतला ‘क’ त्याच ठिपक्यांनी लिहिला जातो. कागदावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, ब्रेलमध्ये मात्र ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. जोडाक्षरासाठी आधी हलन्ताचा ठिपका देतात आणि मग दोन्ही व्यंजने ओळीने लिहितात. ‘ळ’ला स्वतंत्र चिन्ह आहे, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनाही आहे. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्यांमध्ये बाराखडी, अंक आणि विरामचिन्हे बसवली आहेत.

लिहिण्याचे मूळ साधन म्हणजे ब्रेलपाटी आणि टोचणी. जाड कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे, कागद उलटा करायचा आणि उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे, अशी ती रीत आहे. गणितासाठी टेलर फ्रेम आणि मणिपाटी वापरतात. १९५१ मध्ये अमेरिकेत पर्किन्स शाळेत डेव्हिड अब्राहम यांचे ब्रेल टंकयंत्र तयार झाले. त्यामुळे अक्षर एका दाबात उमटू लागले आणि कागद न उलटता लगेच वाचता येऊ लागले. ते यंत्र महाग असल्याने आपल्याकडील शाळांत पाटी आणि टोचणी दीर्घकाळ टिकली. ब्रेल पुस्तक जागाही फार व्यापते. एका साध्या पाठ्यपुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात. ते छापणे, पाठवणे आणि वसतिगृहातल्या कपाटात ठेवणे हा कायमचा प्रश्न होता.

ब्रेल हे फक्त पाठ्यपुस्तकापुरते राहू नये, या विचाराने स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. अंध वाचकाला घडामोडी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या बोटांनी वाचता येऊ लागल्या.

नाशिकमधील संस्था

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिच्या महाराष्ट्र शाखेचे मुख्य कार्यालय नाशिकच्या सातपूर भागात आहे. त्यामुळे राज्यभरातील अंधकल्याणाच्या कामात नाशिकचे नाव ठळकपणे येते.

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ट्रस्टच्या विद्यामंदिराची सुरुवात केली. त्या काळी अशा मुलांना घरातच ठेवण्याकडे कल होता. शाळेच्या जोडीला कार्यशाळा उभी राहिली आणि मोठ्या झालेल्या मुलांना हाताला काम मिळण्याची वाट निघाली. या शिक्षणात साधन साधे असते. एखादे काम लहान पायऱ्यांत मोडून चित्रांच्या क्रमाने दाखवायचे, हे त्यातले सूत्र आहे. तीच पद्धत पुढे टॅबवर आली. मुलाला पायरी हवी तितक्या वेळा पाहता येते आणि दाखवणारा कंटाळत नाही.

कर्णबधिर मुलांसाठी शहरात माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळा आहेत. अशा शाळांतील साधनांचा प्रवास छातीवर लटकवायच्या खिशातल्या श्रवणयंत्रापासून कानामागे बसणाऱ्या डिजिटल यंत्रापर्यंत झाला. केंद्र सरकारच्या साहाय्यक उपकरण योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. शस्त्रक्रिया जितकी लहान वयात होईल आणि त्यानंतर वाचा-उपचार जितके नेमाने चालतील, तितके बोलणे सुधारते. म्हणूनच यंत्राइतकेच महत्त्व मुलासोबत रोज बसणाऱ्या शिक्षिकेला आणि आईला आहे.

१ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नाशिकला त्याचे मुख्यालय आले. राम ताकवले पहिले कुलगुरू होते. विद्यापीठाने स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि दृक्‌श्राव्य कार्यक्रम तयार केले, प्रवेशाच्या अटी सैल केल्या आणि अभ्यासकेंद्रे गावोगावी नेली. हा आराखडा नोकरदार, गृहिणी आणि शिक्षण सुटलेल्यांसाठी होता. ज्याला रोज वर्गात पोहोचणे अवघड आहे, अशा दिव्यांग विद्यार्थ्यालाही तो सोयीचा ठरला.

बोटांना कळणारी नोट

दिव्यांगांसाठीचे एक तंत्र नाशिकशी थेट जोडलेले आहे. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९९६ पासून आलेल्या महात्मा गांधी मालिकेत जलचिन्हाच्या डावीकडे उठावदार आकार देण्यात आले. २० रुपयांच्या नोटेवर उभा आयत, ५० च्या नोटेवर चौकोन, १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ आणि १००० वर हिऱ्याचा आकार होता. हा उठाव इंटाग्लिओ छपाईतून येतो. कोरलेल्या पत्र्यातली शाई मोठ्या दाबाखाली कागदावर चढते आणि तिचा थर बोटाला जाणवतो.

बाजारात स्वतःचे पैसे स्वतः मोजता येणे ही स्वावलंबनाची पहिली कसोटी आहे, त्यामुळे या छोट्या आकारांना मोठा अर्थ होता. पण हाताळणीने शाईचा थर झिजतो. म्हणून अंध माणसे खुणेपेक्षा नोटेच्या लांबीवर अधिक विसंबत. जुनी १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि ५०० ची १६७. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत १००, २०० आणि ५०० या तिन्ही नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर असून लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० आहे. दहा मिलिमीटरचा फरक चारवर आल्याने वर्षानुवर्षांची सवय निरुपयोगी झाली. या अडचणीबाबत नॅबने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे ॲप आणले. फोनच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलून सांगते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. साधन बनवताना ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना आधी विचारले नाही, तर दुरुस्ती नंतर करावी लागते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

पुस्तक बोलू लागले

ब्रेलच्या खंडांना पर्याय म्हणून ध्वनिमुद्रित पुस्तके आली. कॅसेटच्या काळात स्वयंसेवक पाठ्यपुस्तके वाचून मुद्रित करत आणि विद्यार्थी कॅसेट मागे-पुढे फिरवत अभ्यास करत. एखादा परिच्छेद पुन्हा शोधणे त्यात कठीण होते. १९९६ मध्ये डेझी संघटना स्थापन झाली. तिने ठरवलेल्या डिजिटल पद्धतीत प्रकरण, पान आणि शीर्षक यांवर थेट जाता येऊ लागले.

पुढचा टप्पा संगणकाने वाचण्याचा होता. या क्षेत्रात पुण्याच्या टी. व्ही. रामन यांचे काम पायाभूत आहे. किशोरवयात काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथे १९९४ मध्ये त्यांनी गणिताची सूत्रे आवाजातून समजतील अशी प्रणाली प्रबंधात मांडली. समीकरण सरळ ओळीत वाचले तर छेद कुठे संपला आणि घात कुठे लागला ते कळत नाही. रामन यांनी आवाजाच्या चढउताराने आणि ठेवणीने सूत्राची रचना ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवली. २००५ पासून गुगलमध्ये त्यांनी अँड्रॉइड फोन दृष्टिहीनांना वापरता यावेत यासाठी सुरुवातीचे काम केले.

स्क्रीन वाचणाऱ्या प्रणाली इंग्रजीत १९९० च्या दशकातच रुळल्या होत्या. मराठीच्या वाटेत दोन अडचणी होत्या. पहिली अक्षरांची. मराठी छपाईत वापरले जाणारे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवून केलेले होते. डोळ्यांना पान मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे आणि आवाज तीच वाचून दाखवी. युनिकोडने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली तेव्हा तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फाँट होता. ही घटना डोळस लोकांसाठी टंकलेखनाची सोय ठरली, तर अंधांसाठी मराठी मजकूर प्रथमच वाचनीय झाला.

दुसरी अडचण उच्चाराची. हिंदीसाठी केलेला आवाज ‘ळ’वर अडखळतो आणि ‘चाक’ व ‘चार’ यांतल्या दोन वेगळ्या ‘च’ना सारखेच उच्चारतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अंध तरुण मायकेल करन यांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन वाचक सुरू केला. त्याच्यासोबतच्या ई-स्पीक या आवाजात मराठीची सोय झाली. त्यापूर्वी चालणारे स्क्रीन वाचक मध्यमवर्गीय घरालाही परवडणारे नव्हते, त्यामुळे मोफत साधनाने मोठा फरक पडला.

कायद्याची वाटही मोकळी होत गेली. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्याची मुभा दिली. अशा सुलभ पुस्तकांसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. परीक्षेच्या बाबतीत २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकासोबत संगणकाचा पर्याय आणि तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ मान्य केला.

संपर्काची साधने

टेलिफोनने कर्णबधिरांना शंभर वर्षे दूर ठेवले. आधी लघुसंदेश आणि मग व्हिडिओ कॉलमुळे फोन त्यांचाही झाला. शाळांमध्ये मात्र कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेपासून ओठ वाचणे आणि बोलणे यांवर भर देऊन हातांच्या खुणांना मज्जाव करण्याची प्रथा पसरली होती. भारतीय सांकेतिक भाषेला संस्थात्मक आधार मिळाला तो २०१५ मध्ये दिल्लीत संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाल्यावर. तिच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा आल्या. आता गावी राहणारे आईवडील आणि शहरातल्या वसतिगृहातील मूल एकमेकांशी त्यांच्या हातांच्या भाषेत बोलू शकतात.

ज्यांना बोलता येत नाही अशा स्वमग्न किंवा मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात प्रा. रवी पूवैया यांच्या गटाने जेलो हे ॲप तयार केले. चित्रावर बोट ठेवले की ते वाक्य बोलते, आणि मराठीतही बोलते. ‘पाणी हवे’ एवढे सांगता न आल्याने होणारी चिडचिड त्यामुळे कमी होते.

२०२० च्या टाळेबंदीत या साधनांची परीक्षा झाली. पीएम ई-विद्या योजनेत दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळ्या साहित्याची तरतूद होती. पण नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यांतील ज्या पाड्यांवर रेंज नाही किंवा घरात स्मार्टफोन नाही, तिथे ते साहित्य पोहोचणे कठीण होते. तिथे गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांनी घरी जाण्याला पर्याय नाही.

आजची स्थिती

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांची स्वतंत्र नोंद झाली, समावेशित शिक्षण हक्क म्हणून मान्य झाले. तरी मराठीतले काम अपुरे आहे. अनेक पुस्तके आणि शासकीय कागद आजही चित्ररूप पीडीएफमध्ये मिळतात, जे फोन वाचू शकत नाही. मराठीतून गणित आणि विज्ञान ऐकून शिकण्याची सोय तुटपुंजी आहे. सांकेतिक भाषेतले मराठी पाठ्यसाहित्य फार थोडे आहे. बोलत्या फोनामुळे ब्रेल मागे पडण्याचा धोकाही आहे. ऐकून अर्थ कळतो, पण शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि मांडणी बोटांनी वाचूनच पक्की होते. म्हणून लहान वर्गांत ब्रेल आणि पुढे त्याच्या जोडीला आवाज, ही सांगड आवश्यक आहे. १८२९ ची लिपी महाराष्ट्रात यायला सत्तर वर्षे लागली. आजचे साधन तयार होतानाच त्यात मराठीचा समावेश झाला आणि विशेष शिक्षकांची पदे भरलेली राहिली, तर हे अंतर एका शैक्षणिक वर्षाच्या आत आणणे शक्य आहे.