भरती

परवा गावी गेलो होतो. परतताना पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहा घेत बसलो होतो, तर मावसभावाचा मुलगा शोधत आला. महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, "काका, तुमच्याशी जरा वेगळं बोलायचंय. दहाच मिनिटं."

त्याने पिशवीतून वही काढली, तेव्हाच मला अंदाज आला. एक वर्तुळ काढलं, त्यात 'मी' लिहिलं. खाली सहा वर्तुळं. त्या प्रत्येकाखाली आणखी सहा. "काका, नोकरीत माणूस एकटा राबतो. इथे आपल्यासाठी सगळी टीम राबते."

वाक्य पाठ केलेलं होतं. मला कसं कळलं? वीस वर्षांपूर्वी मीही ते पाठ केलं होतं. कंपनी वेगळी होती (नाव सांगण्यात अर्थ नाही), वर्तुळं हीच. मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकवलं माझ्या आत्याला.

त्याला एकदम नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. एक तर पोरगा मनापासून बोलत होता. दुसरं म्हणजे, आमच्या भागाला भरती नवी नाही. सावित्रीला समुद्राची भरती येते, तशी माणसांचीही भरती इथे पिढ्यान् पिढ्या होत आलीय. त्यामुळे चहा पुन्हा मागवला आणि त्याला ती जुनी गोष्ट सांगायला लागलो. तीच इथे लिहितो.

पहिली भरती पलटणीची. कोकणातले महार कंपनी सरकारच्या फौजेत मोठ्या संख्येने होते. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने त्यांची भरती बंद केली. तेव्हा महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, जे स्वतः निवृत्त सैनिक होते, त्यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला, की आमच्या लोकांना पुन्हा भरती करून घ्या. माणसं भरतीसाठी अर्ज करत होती! कारण उघड आहे. पलटणीत पगार होता, शाळा होती, पेन्शन होतं. १९२७ साली डॉ. आंबेडकर महाडला आले आणि २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्या लढ्यामागे निवृत्त सैनिकांच्या घरांतून आलेलं बळही होतं.

दुसरी भरती गिरण्यांची. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. तिची नोंदणी १८५४ ची, आणि ती सुरू झाली १८५६ ला. मग गिरण्या वाढत गेल्या आणि माणसं लागली. ती कोकणातून, घाटावरून आणली कुणी? मालकांनी नव्हे, मुकादमाने. त्याला जॉबर म्हणत. बायकांच्या खात्यात असायची ती नायकीण. मुकादम आपल्याच मुलखातली, आपल्याच नात्यातली माणसं गोळा करायचा. काम लावून द्यायचा, खोलीत जागा बघायचा, अडीनडीला पैसे द्यायचा. आणि या सगळ्याची दस्तुरी घ्यायचा. १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर बोट ठेवलं होतं, ते उगाच नाही. मुकादम काही संत नव्हता.

"मग आमचे अपलाईन सर म्हणजे मुकादमच की!" पोरगा हसून म्हणाला.

हुशार आहे. मीही हसलो. म्हटलं, साम्य आहे खरं. दोघांचं भांडवल एकच, आपल्या माणसाचा शब्द. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुणी बायकापोरांना मागे ठेवून मुंबईला जात नाही, आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुणी पंधरा हजारांची पेटीही घेत नाही. पण एक फरक आहे, आणि सगळं त्या फरकात आहे. पैसा कुठून कुठे गेला ते बघ.

गिरणीत कापड तयार व्हायचं आणि ते देशभर विकलं जायचं. ते विकत घेणारा कधी गिरणीत कामाला लागलेला नसायचा. त्याच्या पैशातून पगार व्हायचा. मुकादमाने त्यातला तुकडा खाल्ला तरी उरलेल्याची मनिऑर्डर गावी यायची. पलटणीचा पगारही बाहेरूनच यायचा. दोन्ही भरतींत माणूस गावाबाहेर गेला आणि पैसा गावात आला. तुझ्या वहीत माणूस गावातच राहतो, आणि पैसा गावाबाहेर जातो.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण काका, वस्तू तर आहे ना? साबण आहे, पावडर आहे. कायदेशीर आहे सगळं."

मुद्दा बरोबर होता. दारोदार विकणं हा काही गुन्हा नाही. आमच्या लहानपणी कासार बांगड्यांची चळत घेऊन दारात यायचा. आई त्याच्याकडून वर्षानुवर्षं बांगड्या भरायची. पण तिला त्याने कधी "ताई, तुम्हीही कासार व्हा" असं सांगितलं नाही. ही दुसरी कल्पना अमेरिकेतली. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या दोघांनी नवी योजना काढली, की तुम्ही आणलेल्या विक्रेत्याने माल विकला तर त्यातही तुमचा वाटा. त्या गोळ्या विकणाऱ्या दोन मित्रांनी १९५९ साली अ‍ॅमवे काढली. १९७९ साली तिथल्या व्यापार आयोगाने ती पिरॅमिड नाही असा निकाल दिला. त्यासाठी बघितलं काय, तर कंपनीचे नियम. घेतलेल्या मालातला ७० टक्के विकलेला हवा, दर महिन्याला दहा गिऱ्हाइकांना माल दिलेला हवा, न खपलेला माल परत घेतला पाहिजे. म्हणजे प्रश्न एकच, माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला जातो का?

आपल्याकडे तर १९७८ पासून कायदा आहे. नवे सभासद आणण्यावर कमाई देणाऱ्या पैसाफिरवणीला तो बंदी घालतो. अ‍ॅमवेचा धंदा भारतात १९९८ साली सुरू झाला, आणि त्यानंतर खऱ्याखोट्या कितीतरी योजनांची रीघ लागली. २०१६ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रवेश फी घेऊ नये असं सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियमच आले. त्यांतही पिरॅमिडला मनाई आहे.

मग मी त्याच्या वहीत हिशोब मांडला. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. सहाव्या पायरीला ४६,६५६ माणसं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४५ हजार, पाळण्यातल्या पोरांसकट! सातव्या पायरीवरच्यांनी कुणाला आणायचं?

"तुला किती भरायचेत?"

"पंधरा. आईने बचत गटातून उचललेत. अजून भरले नाहीत."

इथे मला आत्याचं सांगावं लागलं. तिने माझ्याकडून पेटी घेतली, ती योजना कळली म्हणून नाही. मी दारात गेलो आणि मला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून. तिने पुढे कुणालाच आणलं नाही. डबे माळ्यावर पडून राहिले. मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही, उलट दर गणपतीला तितक्याच मायेने जेवायला वाढायची. ती गेल्यावर घर आवरताना ते डबे सापडले. सील तसंच होतं. पैसे परत करायचे राहून गेले ते गेलेच.

त्याच्याकडे शंभर नावांची यादी होती. पहिल्याच बैठकीत करायला लावतात ती. म्हटलं, यातले जे कुणी सभासद न होता, नुसता साबण आवडला म्हणून दर महिन्याला विकत घेतील, त्यांच्यापुढे खूण कर.

तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. तीन खुणा झाल्या. त्यातली एक त्याच्या आईची. ती त्याने स्वतःच खोडली.

तेवढ्यात महाडची गाडी लागली. त्याला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. जाताना म्हणाला, "बघतो काका." आमच्याकडे 'बघतो' म्हणजे होही असतं आणि नाहीही. मी फोन केलेला नाही. गटाचा हप्ता महिन्याच्या दहा तारखेला असतो, तेव्हा करीन म्हणतो.

असो. यादीत माझं नाव चौथं होतं. पहिलं नाव त्याच्या आत्याचं होतं.