घसरलेल्या पायाचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत राजांचे पडणे असते, हमालांचे नसते. म्हणून आपणच ते लिहिले पाहिजे.

वडसा म्हणजेच देसाईगंज, वैनगंगेच्या खोऱ्यातले धानाच्या व्यापारावर वाढलेले गाव. येथील एका राईस मिलमध्ये माझे वडील हमाल होते. 1998 च्या पावसाळ्यात ओल्या कोंड्याने फळी बुळबुळीत झाली होती. पाठीवर 75 किलोचे पोते घेऊन थप्पीवर चढताना ते पडले. कंबर कायमची गेली. 'पाय घसरला,' एवढेच मुकादम बोलला. त्याच्या बोलण्यात फळी नव्हती, कोंडा नव्हता, मालकही नव्हता. दोष फक्त पायाचा.

एकेकाळी न्यायालयेही हेच बोलत. जुन्या इंग्रजी न्यायानुसार मालकाचा निष्काळजीपणा कामगारानेच सिद्ध करायचा. सोबत्याच्या चुकीने इजा झाली तर मालक मोकळा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 32 व्या कलमाने जमीन, जिने, वाटा भक्कम व सुस्थितीत ठेवणे बंधनकारक केले. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांच्या नोंदणीची वाट उघडली. कायदे होते. वडिलांचे नाव मात्र कोणत्याच हजेरीपटावर नव्हते, आणि ज्याची हजेरी नाही त्याचे पडणेही नाही!

त्या फळीवर कोणी चढायचे, हे कोण ठरवते? फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी याच प्रश्नावर बोट ठेवले होते. अस्पृश्याला गँगमन म्हणून राबवून घेतले जाई. पोर्टरची जागा मात्र नाकारली जाई, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही काम करावे लागे. म्हणजे धोक्याची जागा आधी जात ठरवते, अपघात नंतर होतो.

आज कायद्याची कक्षा आणखी आखडली आहे. विजेवर चालणाऱ्या जागेत 10 कामगार असले की तो कारखाना ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्यासाठी 20 लागतात. लहान मिलमधला हमाल पुन्हा बाहेर!

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी एक वही घालावी. कोण पडला, कुठे, कशावरून, हजेरीपटावर नाव होते का, एवढेच लिहावे. नोंद झाली की 'पाय घसरला' हे उत्तर पुरणार नाही.