मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकायचंय? कोड लिहून होतो, बिल सुटायला वेळ लागतो!

शुक्रवार पेठ, सोलापूर : पेठेतल्या दुकानदाराला बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायचं तर मालक गल्ल्यावरच बसलेला असतो. दाखवायचं, घासाघीस करायची, पटलं तर पैसे हातात. पण तेच पोरगं साखर कारखान्यात किंवा चिंचोली एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीत गेलं की गणित बदलतं. सॉफ्टवेअर वापरणारा एक, मंजुरी देणारा दुसरा आणि पैसे सोडणारा तिसराच. मोठ्या ग्राहकांना सॉफ्टवेअर विकणारे स्टार्टअप अडतात ते बहुतेक इथेच.

साखर कारखान्याचंच घ्या. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचं वजन, कपाती आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर बिल, हे सगळं आता कॉम्प्युटरवर चालतं. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यायची, असा नियम आहे. म्हणजे हिशोबातली चूक थेट शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. काटा तासभर बंद पडला तर ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते. त्यामुळे हंगाम चालू असताना चालू यंत्रणेला कोणी हात लावू देत नाही. नव्या पोरांना विचारला जाणारा पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. रात्री दोनला बंद पडलं तर कोण येणार? आमची माहिती कुठे राहणार? दोन वर्षांनी तुमची कंपनी तरी असेल का?

सौदा कसा होतो?

आधी डेमो. मग एकाच विभागात छोटी चाचणी, ज्याला पायलट म्हणतात. ही चाचणी फुकट करून देऊ नये, थोडे का होईना पैसे घ्यावेत. फुकटातल्या वस्तूकडे ग्राहकाचंही लक्ष नसतं. त्यानंतर आयटी विभागाची तपासणी, खरेदी विभागाची घासाघीस, करारपत्र आणि शेवटी पीओ, म्हणजे खरेदीचा लेखी आदेश. यात सहा महिने ते वर्ष सहज जातं. तेवढ्यात तीन-चार प्रोग्रॅमरचे पगार थांबत नाहीत. भांडवल लागतं ते मुख्यतः या वाट पाहण्यासाठी.

पैसा कुठून आणायचा?

पहिला मार्ग स्वतःच्या कमाईचा. सातारा जिल्ह्यातल्या कुटुंबातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. तेच क्विक हील. दुरुस्तीच्या धंद्यावर घर आणि सॉफ्टवेअर दोन्ही चाललं. बाहेरची मोठी गुंतवणूक आली ती 2010 मध्ये, सिकोयाकडून 60 कोटींची. म्हणजे सुरुवातीनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आधी घरगुती ग्राहक आणि मग सेक्राइट नावानं मोठ्या कंपन्या, असा त्यांचा क्रम राहिला. तमिळनाडूतल्या झोहोनं तर बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसाच घेतला नाही आणि तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस थाटलं.

दुसरा मार्ग गुंतवणूकदाराचा. 2008 मध्ये पुण्यात सुरू झालेली द्रुवा कंपन्यांचा डेटा सुरक्षित साठवण्याचं काम करते. ती गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढली आणि 2019 मध्ये तिचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. हा पैसा कर्ज नसतो, हप्ता नसतो. पण मालकीतला हिस्सा जातो, आणि देणाऱ्याला पैसे कित्येक पटींनी परत हवे असतात. जिल्ह्यातले पाच-सहा कारखाने धरून नीट चालणारा धंदा अशा गुंतवणूकदाराला लहानच वाटणार. म्हणून तो धंदा वाईट ठरत नाही, फक्त त्याला हा पैसा मानवत नाही.

तिसरा मार्ग सरकारी. केंद्राच्या 2021 च्या सीड फंड योजनेत इनक्युबेटरमार्फत चाचणीसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. अर्जाआधी सध्याची स्थिती स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर पाहून घ्यावी. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी खात्याकडून काम मिळण्याची सोय केलेली आहे. हे अनुदानापेक्षा मोलाचं, कारण पहिला मोठा ग्राहक दाखवता येतो.

बिल अडकलं तर?

काम झालं, बिल दिलं, तरी पैसे महिनोन् महिने येत नाहीत. इकडे जीएसटी मात्र बिल फाडलं की भरावाच लागतो. 10 लाखांच्या बिलावर 18 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार, तेही स्वतःच्या खिशातून. यासाठी काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. अर्थात, एकुलत्या एक ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कोण धजावणार? त्यापेक्षा ट्रेड्सची सोय बरी. ग्राहक कंपनीनं तिथे बिल मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून पैसे आधी देते आणि नंतर कंपनीकडून वसूल करते. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे करार करतानाच ‘बिल ट्रेड्सवर मान्य कराल का?’ असं विचारून लेखी घ्यावं.