बेर्गचा व्हायोलिन-कन्चेर्टो

बारा स्वरांच्या पद्धतीवर नेहमीचा आक्षेप असा की, ते गणित आहे, गान नव्हे. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गने १९२० नंतर ही पद्धती सिद्ध केली. सप्तकातील बाराही स्वर एका ठराविक क्रमाने बांधावयाचे आणि कोणालाही षड्जाचा मान द्यावयाचा नाही, हे तिचे सूत्र. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ही व्यवस्था निराधार वाटली तर नवल नाही. या आक्षेपाला माझ्या मते सर्वांत समर्थ उत्तर मिळाले ते शोनबर्गचाच शिष्य आल्बान बेर्ग याच्या व्हायोलिन-कन्चेर्टोत.

१९३५ च्या आरंभी अमेरिकेतील वादक लुई क्रास्नर याने बेर्गकडे या रचनेची मागणी केली. १९३३ पासून नाझी जर्मनीत बेर्गच्या कृतींना मज्जाव झाला होता आणि द्रव्याची चणचण होती. तरीही ‘लुलू’ या संगीतिकेत गुंतलेला बेर्ग प्रारंभी उदासीनच राहिला. २२ एप्रिल रोजी आल्मा माहलर आणि वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपिउस यांची कन्या मानोन अवघ्या अठराव्या वर्षी पोलिओने निवर्तली. बेर्गचा तिच्यावर फार लोभ. त्याने ‘लुलू’ बाजूस सारली आणि एरव्ही अत्यंत सावकाश लिहिणाऱ्या या माणसाने ऑगस्टमध्ये कन्चेर्टो पुरा केला. तो अर्पण केला आहे ‘एका देवदूताच्या स्मृतीस’.

रचनेचे मर्म स्वरक्रमाच्या निवडीत आहे. व्हायोलिनच्या चार तारा षड्ज-पंचमाच्या अंतराने जुळविलेल्या असतात. बेर्गने त्याच चार स्वरांवर आपला क्रम उभारला. आरंभी वादक मोकळ्या तारांवरून गज फिरवितो. जणू वाद्य नुकतेच जुळवीत आहे! क्रमाचे अखेरचे चार स्वर मात्र पूर्णस्वरांच्या अंतराने चढतात. आपल्या भाषेत सा, रे, ग आणि तीव्र म. बाखच्या ‘पुरे झाले’ या मृत्युविषयक भजनाचा उठावही नेमका असाच आहे. त्यामुळे शेवटच्या भागात हे भजन येते, तेव्हा ते बाहेरून आणून बसविल्यासारखे वाटत नाही. व्हायोलिन एक ओळ म्हणते आणि क्लॅरिनेटे बाखच्याच स्वरसंगतीत, ऑर्गनसारखी, तिला उत्तर देतात. त्यापूर्वीच्या भागात मृत्यूचा प्रचंड आघात आहे, पहिल्या खंडात कारिंथियाच्या लोकगीताची धून आहे. परंतु कान थबकतो तो या भजनापाशी. अखेरीस मोकळ्या तारांचे ते आरंभीचे स्वर पुन्हा ऐकू येतात.

कट्टर पद्धतिवाद्यांना हे जुन्याशी केलेले संगनमत वाटले. मला तो आरोप लटका वाटतो. नियम मोडलेला नाही, तो कशासाठी वापरावयाचा एवढेच बेर्गने ठरविले.

बेर्गला ही रचना ऐकावयास मिळाली नाही. रक्तदोषाने २४ डिसेंबर १९३५ रोजी त्याचे निधन झाले. १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सेलोना येथे क्रास्नरने ती प्रथम वाजविली. वाद्यवृंदाचे संचालन बेर्गचा मित्र आन्टोन वेबेर्न करणार होता; त्याने ऐन वेळी माघार घेतल्याने ते हेर्मान शेर्खेनला करावे लागले. १ मे रोजी लंडनमध्ये मात्र वेबेर्न उभा राहिला. त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.