लाखोळीची डाळ आणि लंगडेपणाचा इतिहास

श्रोतेहो, दिवाळी सरत येते, भारी धान लोंबीवर आलेले असते, बांध्यांतली ओल अजून गेलेली नसते. अशा वेळी सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या शेतांतून एक काम गाजावाजा न करता उरकले जाते. शेतकरी काखेत टोपली धरतो आणि उभ्या धानातच मूठमूठ बी फेकत जातो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणी नाही. पुढे धान कापले जाते, आणि त्याच्या फणांमधून हिरवे, नाजूक वेल डोके वर काढतात. हीच आपली लाखोळी. कोणी तिला नुसती लाख म्हणतात. पलीकडे छत्तीसगडात तिचे नाव तिवरा, आणि उत्तरेकडे खेसारी. उभ्या पिकात बी फेकण्याच्या या रीतीला उतेरा म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या लाखोळीवर इतिहासाच्या माणसाने बोलावे असे काय आहे, असे कोणी विचारील. आहे, पुष्कळ आहे. राजेराजवाड्यांच्या लढायांत जेवढी माणसे जायबंदी झाली, त्यांची मोजदाद बखरींत सापडते. पण घरच्या चुलीवर शिजलेल्या डाळीने किती माणसांचे पाय गेले, याची मोजदाद कोणी ठेवली? ज्यांचे पाय गेले ते गरीब होते, आणि गरिबांची बखर कोणी लिहीत नाही. ती सरकारी अहवालांतून आणि प्रवाशांच्या वह्यांतून वेचून काढावी लागते.

आपल्या वैद्यांना ही गोष्ट जुन्या काळापासून माहीत होती. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथात या कडधान्याचा दोष सांगितला आहे, तो असा की त्याच्या सेवनाने माणूस पांगळा होतो. आयुर्वेदात अशा लंगडेपणाला 'कलायखंज' असे नावच आहे. युरोपातही हा अनुभव होता. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने 1671 साली या जातीच्या कडधान्याचे पीठ पावात घालण्यास मनाई करणारे फर्मान काढले होते. म्हणजे विक्रीला आलेले अन्न धोक्याचे ठरवून सरकारने ते बंद करायचे, ही कल्पना काही आजची नव्हे.

आपल्या बाजूची पहिली तपशीलवार नोंद मिळते ती ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाकडून. 1844 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने सागरकडच्या एका गावाची हकिकत दिली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला. पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला, त्याच्या पुढच्या वर्षी तांबेऱ्याने गहू खाल्ला. ही तीन वर्षे त्या शेतांत टिकले ते एकच पीक, तिवरा. लोकांनी तोच खाल्ला. दुसरे खाणार काय? आणि 1833 साली गावातल्या तरण्याताठ्या पोरांचे कमरेखालचे अंग एकाएकी जाऊ लागले. रात्री धडधाकट निजलेला गडी सकाळी उठतो तो पाय उचलत नाहीत. स्लीमन म्हणतो की तीस वर्षांच्या आतल्या माणसांनाच हा आजार अधिक झाला.

मंडळी, या हकिकतीतली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. डाळ तीच होती जी ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या खात होती. बिघडले काय? बिघडले ते ताट. एरवी ताटात गहू, तांदूळ, भाजी असे काहीबाही होते, आणि लाखोळी त्यांच्या जोडीला होती. दुष्काळाने बाकी सारे ताटातून काढून घेतले आणि लाखोळी एकटी उरली. जोडीला होती तोवर ती अन्न होती, एकटी उरली तेव्हा ती विष झाली.

पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ मध्य प्रांतावर आले. आपला हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात. त्या वर्षांत प्रांतात लंगड्यांची संख्या इतकी वाढली की सरकारला चौकशी करणे भाग पडले. बुकॅनन नावाच्या डॉक्टर अधिकाऱ्याने 1896 ते 1902 या काळातल्या रोग्यांवर एक अहवाल लिहिला, आणि तो 1904 साली आपल्या नागपुरातच छापला गेला. पश्चिमेच्या वैद्यकाने या रोगाला तोवर 'लॅथिरिझम' असे नाव दिलेले होते. लॅथिरस हे लाखोळीचे शास्त्रीय नाव, त्यावरून हे.

हा रोग होतो कसा, तेही सांगतो. दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ रोजच्या अन्नाचा मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, लाखोळीचाच असला म्हणजे धोका उभा राहतो. आधी पोटऱ्या आखडतात. मग माणूस चवड्यांवर चालू लागतो, गुडघे वाकतात, पायांची कात्री पडते. डॉक्टरांनी या रोगाच्या पायऱ्याच ठरवल्या आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, हात शाबूत राहतात, पण गेलेले पाय परत येत नाहीत. या रोगावर औषध नाही. शेतावर राबणाऱ्या तरुण पुरुषांना तो अधिक होतो. घरातला कर्ता पुरुषच बसला म्हणजे त्या घराचे काय होत असेल, ते तुम्हीच मनाशी आणा.

रेवा संस्थानात तर यामागे आणखी एक कारण होते. तिथे सालोसाल राबणाऱ्या बांधील गड्यांना मजुरी रोख मिळत नसे, धान्यात मिळे; आणि ते धान्य म्हणजे पुष्कळदा हीच डाळ. मालकाच्या कोठारात गहू, आणि गड्याच्या पदरात खेसारी. 1907 साली तिथल्या महाराजांनी तिच्यावर बंदी घातली असे सांगतात. पण 1922 साली डॉक्टर ॲक्टन यांनी रेव्यात पाहणी केली, तेव्हाही रोग होताच. बंदीचा कागद निघाला तरी मजुरीची रीत बदलली नाही, मग रोग जाणार कसा?

आणि हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. 1942 साली दुसऱ्या महायुद्धात व्हाप्न्यार्का नावाच्या छावणीत रुमानियाच्या सरकारने ज्यू कैद्यांना जनावरांसाठी ठेवलेले हेच कडधान्य खाऊ घातले. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांच्यातच डॉक्टर आर्थर केसलर हे एक कैदी होते. त्यांनी रोग ओळखला, आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले. भुकेल्या माणसाने समोरचे अन्न नाकारायचे, याला किती धैर्य लागले असेल! पण त्यांना कारण कळले होते, म्हणून ते नाकारू शकले. स्लीमनच्या गावातल्या लोकांना ते कळलेले नव्हते, आणि कळले असते तरी त्यांच्यापुढे दुसरे ताट नव्हते.

आता आपल्या राज्याकडे येऊ. 1956 साली आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधाचा कायदा झाला होता. त्याच्या नियमांत 1961 साली खेसारीची विक्री बंद करणारे कलम घातले गेले. पण कलमात एक मेख होती. बंदी केव्हापासून लागू करायची, ते ज्या त्या राज्याने ठरवायचे. महाराष्ट्राने ती लागू केली. शेजारच्या मध्य प्रदेशाने दीर्घकाळ केली नाही. सालेकसा म्हणजे अगदी सीमेवरचे गाव. गाडी दरेकशाचा घाट ओलांडून पुढे गेली की दुसरे राज्य. म्हणजे एकच डाळ रुळांच्या या टोकाला गुन्हा आणि त्या टोकाला बाजाराचा माल!

शिवाय बंदी होती ती विकण्यावर, पिकवण्यावर नाही. शेतकरी पेरत राहिला, कारण धानानंतर त्या ओल्या, भारी जमिनीत इतक्या कमी खर्चात दुसरे येते काय? लाखोळी अवर्षण सोसते, साचलेले पाणीही सोसते, जमिनीत नत्र ठेवून जाते, तिचा भुसा बैलांना चालतो, आणि तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी तर आपल्याकडे आवडीने खातात. तिच्या दाण्यात शेकडा 28 च्या आसपास प्रथिने आहेत. असे पीक कोण सोडील? मग जे व्हायचे तेच झाले. माल चोरवाटेने, पडत्या भावाने व्यापाऱ्याकडे गेला आणि तूरडाळीत, बेसनात मिसळून शहरात परत आला. बंदीने शेतकऱ्याचा भाव पाडला, आणि खाणाऱ्याला आपण काय खातो ते कळेनासे झाले. दोघांचेही नुकसानच.

गंमत पाहा, बंदी आली 1961 साली, आणि डाळीतले विष नेमके कोणते ते शोधून काढले 1964 साली. आपल्याच देशातल्या राव, अदिगा आणि शर्मा या शास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव सोडा; थोडक्यात त्याला ओडॅप म्हणतात. या विषाचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. ते पाण्यात विरघळते. पुढे दिल्लीच्या आणि रायपूरच्या संशोधकांनी हे विष अगदी कमी असलेले वाण तयार केले: रतन, प्रतीक, महातिवरा. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठवावी म्हणून वर्षानुवर्षे चळवळ केली, उपोषणे केली. मिश्र आहारात ही डाळ घातक नाही, असे त्यांचे म्हणणे. 2011 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत बंदी कायम राहिली. 2016 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या कमी विषाच्या तीन वाणांना मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, आणि वाद पुन्हा पेटला.

हल्ली धोक्याचा माल बाजारातून माघारी बोलावण्याचे कायदे झाले आहेत. ते सुखासुखी झाले नाहीत. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी रसायन निघाले आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषधखात्यातला सारा ढिसाळपणा चव्हाट्यावर आणला. त्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायदा झाला. 2017 साली अन्नपदार्थ माघारी बोलावण्याचे नियम आले, आणि 2019 च्या नव्या ग्राहक कायद्याने धोक्याचा माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार एका केंद्रीय प्राधिकरणाला दिला. हे सारे चांगलेच आहे. पण माल माघारी बोलवायचा तर डब्यावर नाव लागते, क्रमांक लागतो, दुकानदाराची पावती लागते. तुमच्या कोठीतल्या लाखोळीवर कोणता क्रमांक आहे? ती तुमच्याच बांधीत पिकली, तुमच्याच घरी भरडली गेली. ती माघारी बोलावणारा कोणी साहेब नाही. तिथे राखणदार एकच, घरातली जाणती माणसे.

म्हणून इतिहासातून निघालेल्या चार गोष्टी सांगून थांबतो. लाखोळी खात असाल तर ती रोजचे मुख्य अन्न होऊ देऊ नका; भात, दुसऱ्या डाळी, पालेभाजी ताटात असू द्या. शिजवण्याआधी डाळ भरपूर गरम पाण्यात चांगली भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. त्याने विषाचा मोठा भाग निघतो, सगळा मात्र निघत नाही, हेही विसरू नका. पेरायचेच असेल तर कमी विषाच्या वाणाचे खात्रीचे बी कृषी खात्याकडे विचारा. आणि ज्या साली धान बुडेल, त्या साली सर्वांत जास्त सावध राहा, कारण हा रोग नेहमी दुष्काळाच्या मागून आला आहे.

गुरुजींना एक विनंती. वर्गात एकदा तूर, हरभरा आणि लाखोळी असे तिन्ही दाणे मांडा. लाखोळीचा अख्खा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला उतरता असतो, आणि तिची डाळ गोल न दिसता चौकोनी, कोपरेदार दिसते. मुलांना तो हाताने ओळखता आला पाहिजे. घरी बाजाराची डाळ निवडताना हीच मुले आईच्या शेजारी बसलेली असतात.

स्लीमनच्या गावातल्या लोकांना कोणी सांगणारे नव्हते. रेव्याच्या गड्यांना सांगितले असते तरी त्यांच्या हाती निवड नव्हती. आपल्याला माहितीही आहे आणि थोडीफार निवडही आहे. पण आजही एखाद्या टोल्यावर असे घर असेल की जिथे कोठीत लाखोळीवाचून दुसरे काही नाही. त्या घराला नुसता उपदेश करून काय उपयोग? तिथे पायलीभर तांदूळ आणि दुसरी डाळ पोचली पाहिजे, रेशनच्या दुकानातून असो की शेजाऱ्याच्या कोठीतून. आपल्या गावात असे घर कोणते, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ते तुम्हालाच ठाऊक.