१०८९ सीसीचा हिशेब

प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर आणि क्षमता १०८९ सीसी. गाडी कुर्ल्यात तयार होई, पण ही मापे इटलीतल्या फियाटची आणि तीही १९३७ सालची. त्याआधीच्या १९३२ च्या बलिला गाडीचा बोअर ६५ होता, स्ट्रोक तोच ७५, क्षमता ९९५ सीसी. फियाटने पुढे इटलीत बोअर ७२ वर नेला आणि १२२१ सीसी मिळवले. स्ट्रोकला हात लावला नाही. तीस वर्षे कारखान्याने जे केले, तेच पुढे लेथवाल्यांनी मिलिमीटरच्या दशांशांत केले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, मग फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तिचा सांगाडा इटलीतल्या नव्या गाडीचा, पण इंजिन जुनेच, १०८९ चे. १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमुळे हेच इंजिन पुन्हा पुन्हा उतरवले आणि बांधले गेले.

हिशेब साधा आहे. बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरची संख्या, मापे सेंटिमीटरमध्ये. या इंजिनात शेवटच्या तिन्हींचा गुणाकार २३.५६ इतका ठरलेला, म्हणून बोअरचा वर्ग काढून त्याला २३.५६ ने गुणले की काम झाले. ६.८ चा वर्ग ४६.२४, उत्तर १०८९.

इंजिन धूर मारू लागले, ऑइल खाऊ लागले की ब्लॉक बोअरिंगला जातो. झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही, वरच्या बाजूला जास्त झिजतो. रिंग जिथपर्यंत पोचते तिथे एक कंगोरा उरतो. माप घ्यायचे ते त्या कंगोऱ्याखाली, क्रँकच्या रेषेत एकदा आणि आडवे एकदा. बोअर डायल गेजचा काटा दोन्ही वेळा वेगळा आकडा दाखवतो. रिंग पोचत नाही त्या तळाच्या पट्टीवर मूळ माप सापडते. ब्लॉक आधी किती वेळा बोअर झाला आहे हे पिस्टनही सांगतो: माथ्यावरचा कार्बन खरवडला की ओव्हरसाइजचा आकडा बहुधा दिसतो. मात्र गुणाकारात पिस्टनचा व्यास घालू नये. तो बोअरपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहानच असतो.

बोअर ६८.४ झाला की क्षमता ११०२ सीसी होते. म्हणजे 'अकराशे' हे नाव दुरुस्तीनंतरच खरे ठरते! ६८.८ ला १११५ आणि ६९ ला ११२२. एवढ्या कापकामानंतरही वाढ ३ टक्के, तेव्हा बोअरिंगने ताकद वाढल्याचा अनुभव मुख्यतः नव्या रिंगांचा असतो. भिंत पातळ झाली की लाइनर बसवून पुन्हा स्टँडर्डला यावे लागते आणि आकडा १०८९ वर परततो.

क्रँक ग्राइंडिंगने सीसी कमी होते, हा गैरसमज मात्र चिवट आहे. जर्नल बारीक झाले तरी त्याचा मध्य हलत नाही, म्हणून स्ट्रोक ७५ च राहतो.

बोअरिंगने मात्र सीसीबरोबर कॉम्प्रेशन रेशोही बदलतो. एका सिलिंडरचे २७२.४ सीसी आणि रेशो ७.५ धरला, तर वरच्या पोकळीत ४१.९ सीसी जागा असते. बोअर ६९ केला आणि पोकळी तशीच ठेवली, तर रेशो ७.७ च्या आसपास जातो. हेड फेसिंग केले असेल तर आणखी वर. म्हणून हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह बसवून, वर काच दाबून ब्युरेटने केरोसीन सोडतात आणि पोकळी मोजतात. त्यात गॅस्केटच्या जाडीची जागा मिळवावी लागते. चारही पोकळ्यांचे आकडे जुळले नाहीत, तर इंजिन आरामात फिरत नाही.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेने २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. आता ही इंजिने बांधली जातात ती हौशी मालकांची. त्यांनी प्रत्येक बांधणीनंतर बोअर, ओव्हरसाइज आणि पोकळीचे माप वहीत लिहून ठेवावे. आरसी बुकात १०८९ च राहते.